टायरांच्या मापात होणारे बदल आणि शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

चाकाच्या घेरावर बसविलेल्या पट्ट्याचे माप बदलते, ही गोष्ट शेतकऱ्यास नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार याच गुणाचा उपयोग करून घेत आला आहे. तो धाव चाकापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात ती तापवितो, तापून वाढलेली धाव घणाने चाकावर बसवितो आणि लगेच पाणी ओततो. थंड होताना धाव आकसते आणि आरे व लाकडी घेर यांना घट्ट आवळून धरते. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४ मीटर ७० सेंटीमीटर असतो. लोखंड ५०० अंश सेल्सिअसने तापविल्यास एवढ्या लांबीत जवळजवळ ३ सेंटीमीटर वाढ होते. या तीन सेंटीमीटरांच्या आधारावर गाडीचे चाक वर्षानुवर्षे टिकते. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले म्हणजे धाव ढिली होते, आणि पावसाळ्यात लाकूड फुगले म्हणजे ती पुन्हा आवळते, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे.

लोखंडी धावेची जागा आता बहुतेक ठिकाणी हवेच्या रबरी टायरने घेतली आहे. ट्रॅक्टर, ट्रॉली, मालमोटार, उसाची टायरगाडी, फवारणी यंत्र अशी शेतीची पुष्कळ साधने टायरवर चालतात. परंतु धावेप्रमाणे टायरचेही माप बदलते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. टायरवर छापलेला आकडा कायमचा आहे, अशी समजूत असते. वास्तविक नवा टायर हवा भरताच वाढतो, पुढील काही तास वाढत राहतो, रस्त्यावर धावू लागल्यावर आणखी वाढतो, आणि झिजू लागला की त्याचा व्यास कमी होत जातो. याखेरीज भार, ऊन व वेग यांमुळे त्यात तात्पुरते बदल होतात ते वेगळेच. हे बदल दिसण्यास लहान असले तरी त्यांचा परिणाम टायरच्या आयुष्यावर, यंत्राच्या दंतचक्रांवर, पिकास दिल्या जाणाऱ्या औषधाच्या मात्रेवर आणि बैलाच्या खांद्यावर होतो. म्हणून ते समजून घेणे हिताचे आहे.

टायरची रचना

हवेचा टायर व्यवहारात आणण्याचे श्रेय जॉन बॉयड डनलॉप यांस दिले जाते. हे गृहस्थ व्यवसायाने पशुवैद्य असून बेलफास्ट येथे राहत असत. त्यांनी १८८८ साली आपल्या टायरचे एकस्व मिळविले. त्यांच्या नावाच्या कंपनीचा भारतातील कारखाना १९३६ साली पश्चिम बंगालमधील साहागंज येथे सुरू झाला. देशाच्या अनेक भागांत रबरी चाकांच्या बैलगाडीस ‘डनलॉप गाडी’ असे नावच पडले. ट्रॅक्टरला हवेचे टायर बसविण्याची प्रथा अमेरिकेत १९३२ च्या सुमारास रूढ होऊ लागली. त्यापूर्वीचे ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर चालत असत.

टायर वरून केवळ रबराचा दिसत असला तरी त्याचे खरे बळ आतील धाग्यांत असते. रबरात बुडविलेल्या मजबूत धाग्यांचे थर एकावर एक बसवून टायरचा सांगाडा तयार होतो. हे थर रिमला टेकणाऱ्या कडेतील पोलादी तारांच्या कड्याभोवती गुंडाळलेले असतात. सांगाड्यावर जाड रबराची नक्षी असते, आणि तीच जमिनीला लागते व झिजते. हवेचा दाब रबर सोसत नाही. तो धागे सोसतात. यास्तव टायरच्या मापाचा प्रश्न हा मुख्यतः धाग्यांच्या ताणाचा प्रश्न आहे.

धागे घालण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत एका थरातील धागे एका बाजूस तिरपे व दुसऱ्या थरातील धागे उलट बाजूस तिरपे असतात. यास तिरप्या धाग्यांचा टायर म्हणता येईल. बैलगाड्या, ट्रॉल्या आणि पुष्कळसे ट्रॅक्टर यांना असे टायर असतात, आणि त्यांत बहुधा नायलॉनचा धागा असतो. दुसऱ्या पद्धतीत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि त्यांच्यावर घेराच्या दिशेने, बहुधा पोलादी तारांचा, पट्टा बसविलेला असतो. हा रेडियल टायर होय. मोटारगाड्यांत तो सर्वत्र रूढ झाला असून मालमोटारींत व ट्रॅक्टरांतही त्याचा वापर वाढला आहे.

सुंभाने विणलेली नवी बाज पहिल्या काही दिवसांत सैल पडते. सुंभ तुटलेला नसतो, परंतु सतत ताणामुळे तो थोडा लांबतो आणि विणीचे कोनही बदलतात. तिरप्या धाग्यांच्या टायरमध्ये नेमके असेच घडते. हवेच्या दाबाने धागे ताणले जातात आणि एकमेकांवरून जाणाऱ्या धाग्यांमधील कोन बदलतो. त्यामुळे टायर रुंदीला व उंचीला वाढतो. रेडियल टायरमध्ये घेरावरील पोलादी पट्टा जवळजवळ न ताणणारा असल्याने व्यासाची वाढ अत्यल्प असते. फुगतात त्या मुख्यतः टायरच्या बाजू.

हवा भरल्यानंतरचे पहिले चोवीस तास

टायरमध्ये हवा भरताच धागे तत्काळ काही प्रमाणात ताणले जातात. ही पहिली वाढ होय. परंतु नायलॉनसारखा धागा सतत ताणाखाली असला म्हणजे तो पुढेही हळूहळू लांबत राहतो. आरंभीच्या काही तासांत हे लांबणे अधिक असते आणि नंतर ते मंद होत जाते. नायलॉन उष्णतेने आकसणारा असल्याने कारखान्यात साच्यातून काढलेला तापलेला नायलॉन टायर हवा भरलेल्या स्थितीतच थंड होऊ देतात. तसे न केल्यास त्याचे माप आरंभीच बिघडते.

याच कारणास्तव टायरचे अधिकृत माप घेण्याची रीत ठरलेली आहे. टायर ठराविक रुंदीच्या रिमवर चढवून नेमून दिलेल्या दाबाने हवा भरतात. चोवीस तास तो तसाच ठेवतात. या काळात टायर फुगल्याने दाब थोडा उतरलेला असतो, म्हणून तो पुन्हा पूर्ववत करतात. नंतर सारख्या अंतरावरील सहा ठिकाणी टायरची रुंदी मोजून त्यांतील सर्वांत मोठे माप ग्राह्य धरतात. टायरच्या मध्यावरून घेर मोजतात आणि त्यास ३.१४१६ ने भागून व्यास काढतात. टायरच्या मानकांमध्ये नव्या टायरच्या मापाबरोबरच वापरात वाढलेल्या टायरचे कमाल माप किती असू शकते, याचाही विचार केलेला असतो. मडगार्ड, सांधे व शेजारचे चाक यांपासून टायरचे अंतर या वाढलेल्या मापावरून ठरवावयाचे असते.

शेतकऱ्याने यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की, नवा टायर बसविल्यावर दुसऱ्या दिवशी हवा पुन्हा तपासणे अगत्याचे आहे. पहिल्या दिवशी कमी झालेला दाब हा प्रत्येक वेळी पंक्चरचा परिणाम नसतो; टायर वाढल्यानेही तो उतरतो. दुसरी अशी की, नवा टायर मडगार्डला किंवा ट्रॉलीच्या सांगाड्याला अगदी जवळ बसत असेल, तर आज तो घासत नाही एवढ्यावर समाधान मानू नये. काही आठवड्यांनी तो घासू लागण्याचा संभव असतो.

रिमच्या रुंदीचाही मापावर परिणाम होतो. रिम अर्ध्या इंचाने रुंद घेतल्यास टायरची रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने वाढते आणि अरुंद घेतल्यास तितकीच कमी होते. मिळेल त्या रिमवर टायर चढविल्यास टायरची कड नीट बसत नाही, आणि नक्षी मध्येच किंवा कडेलाच झिजू लागते.

वापरातील वाढ आणि झीज

टायर धावू लागला की त्याचा प्रत्येक भाग जमिनीला टेकताना दबतो व सुटताना पूर्ववत होतो. या सततच्या वाकण्याने उष्णता निर्माण होते, आणि उष्ण झालेला धागा ताणाखाली अधिक लांबतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांच्या वापरात टायर आणखी वाढतो. पुढे ही वाढ मंद होऊन जवळजवळ थांबते.

याच काळात उलट दिशेने दुसरी क्रिया चालू असते, ती म्हणजे नक्षीची झीज. नक्षी १५ मिलिमीटर झिजली की व्यास ३० मिलिमीटरने आणि घेर सुमारे ९४ मिलिमीटरने कमी होतो. परिणामी टायरचा व्यास आरंभी थोडा वाढतो आणि नंतर सतत घटत जातो. रुंदीची वाढ मात्र बहुतांशी कायम राहते. अर्थात अर्धा झिजलेला जुना टायर नव्यापेक्षा उंचीला कमी व रुंदीला अधिक असू शकतो. ‘दोन्हींवर एकच आकडा आहे, म्हणून दोन्ही सारखे’ हा हिशेब येथे चुकतो.

ट्यूबही अशीच वाढते. काही वर्षे वापरलेली ट्यूब मूळ मापापेक्षा मोठी झालेली असते. ती नव्या टायरमध्ये घातल्यास आत चुण्या पडतात, त्या चुण्या घासून तापतात आणि तेथेच ट्यूब फाटते. म्हणून नव्या टायरमध्ये नवीच ट्यूब घालावी. थोड्या पैशांच्या बचतीसाठी जुनी ट्यूब घातल्याने ऐन हंगामात काम खोळंबते.

टायरवर नवी नक्षी चढविताना, म्हणजे रिमोल्ड करतानाही, या वाढीचा विचार करावा लागतो. घासून तयार केलेल्या जुन्या सांगाड्याचा घेर मोजून त्यास जुळणारा साचा निवडावा लागतो. वाढलेला सांगाडा लहान साच्यात कोंबल्यास त्यास आत घड्या पडतात. महाराष्ट्रात टायरवर नवी नक्षी चढविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर करणारी संस्था म्हणजे राज्य मार्ग परिवहन महामंडळ. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली, आणि पुढे महामंडळाने यासाठी स्वतःचे प्रकल्प उभारले. रिमोल्ड टायर घेणाऱ्या शेतकऱ्याने सांगाडा फुगीर, वाकडा किंवा बाजूस चिरलेला नाही, याची खात्री करून घ्यावी.

ऊन, चढउतार आणि भार

वर सांगितलेले बदल कायमचे आहेत. आता तात्पुरते बदल पाहू. बंदिस्त हवा तापली की तिचा दाब वाढतो. पुण्यात हिवाळ्याच्या अखेरीस पहाटे १५ अंश व पुढे उन्हाळ्यात दुपारी ४० अंश असे तापमान सहज आढळते. १५ अंशांस ३० पौंड हवा भरलेला टायर ४० अंशांस सुमारे ३४ पौंड दाखवील. येथे पौंड म्हणजे दर चौरस इंचास पडणारा दाब. टायर धावत असताना वाकण्याची व ब्रेकची उष्णता मिळून हा आकडा आणखी चढतो.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. पुण्याहून बोरघाट उतरून वाशीच्या बाजारात जाणाऱ्या मालमोटारीच्या टायरमधील हवेचा दाब, तापमान तेच असल्यास, खाली गेल्यावर सुमारे एक पौंड कमी दिसतो, कारण बाहेरील वातावरणाचा दाब तेथे अधिक असतो. हा फरक किरकोळ आहे. उतारावर सतत ब्रेक लावल्याने रिममार्गे टायरला मिळणारी उष्णता मात्र किरकोळ नसते. पुरंदरची अंजिरे व सीताफळे दिवेघाट उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतात. भरलेल्या गाडीने असा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, केवळ ब्रेकवर उतरवू नये.

येथे एक सार्वत्रिक चूक नमूद करणे आवश्यक आहे. दुपारच्या प्रवासात टायर तापून दाब वाढल्याचे पाहून अनेक चालक हवा सोडतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. छापील तक्त्यातील दाब हा थंड टायरचा असतो, आणि तापल्यावर होणारी वाढ त्यात गृहीत धरलेली असते. हवा सोडल्यास टायर अधिक वाकतो, अधिक वाकल्याने अधिक तापतो, आणि अखेरीस धाग्यांपासून रबर सुटून टायर फुटतो. भरलेल्या ट्रॉलीचा टायर फुटल्यास ती कलंडते आणि माणसांचे प्राण जाऊ शकतात. हवा नेहमी सकाळी, वाहन निघण्यापूर्वी तपासावी.

भाराने टायरचा जमिनीकडील भाग चपटा होतो. त्यामुळे आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर कमी होते आणि एका फेरीत चाक जितके पुढे जाते ते अंतर मोकळ्या घेरापेक्षा कमी भरते. तिरप्या धाग्यांच्या टायरमध्ये हा फरक भार व दाब यांनुसार अधिक बदलतो. रेडियलमध्ये पट्ट्यामुळे कमी बदलतो. भरलेली ट्रॉली बरेच दिवस एका जागी उभी राहिल्यास नायलॉन टायरला टेकलेल्या ठिकाणी चपटेपणा येतो, आणि निघाल्यावर काही अंतर गाडी धक्के देत चालते. हंगाम संपल्यावर ट्रॉली रिकामी करून ठोकळ्यांवर उचलून ठेवावी.

वेगानेही टायर वाढतो. फिरणाऱ्या टायरचे रबर बाहेर फेकले जाऊ पाहते आणि हे बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. ट्रॅक्टरच्या चालीत याचा विचार करण्याचे कारण नाही. द्रुतगती मार्गावर धावणाऱ्या वाहनांत मात्र, विशेषतः तिरप्या धाग्यांच्या टायरमध्ये, ही वाढ जाणवण्याइतकी असते.

मालमोटारीची जोडचाके

मालमोटारीच्या मागील आसावर प्रत्येक बाजूस दोन चाके शेजारी असतात. ही दोन्ही चाके एकाच आसाबरोबर फिरत असल्याने त्यांच्या फेऱ्या सारख्या होतात. एक टायर नवा व दुसरा झिजलेला असल्यास मोठा टायर अधिक भार घेतो व तापतो, आणि लहान टायर जमिनीवर घसटत जाऊन लवकर झिजतो. मध्यम मापाच्या टायरांच्या जोडीत, म्हणजे ८.२५ पर्यंत, व्यासाचा फरक सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, आणि ९.०० व त्यावरील मापांत तो सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, असा दंडक पाळला जातो. फरक असल्यास मोठा टायर बाहेरच्या बाजूस घालावा, कारण रस्ता मध्ये उंच व कडेला उतरता असतो. वापरात टायर रुंद होत असल्याने दोन टायरांमधील फटही अरुंद होते. ती फट फार कमी झाल्यास टायरच्या बाजू एकमेकींस घासतात आणि मध्ये दगड अडकतो.

बैलगाडी

पुणे जिल्ह्याच्या बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या भागांत गळिताच्या हंगामात ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या दिसतात. मऊ जमिनीत रबरी चाक कमी रुतते आणि रस्त्यावर हलके चालते, म्हणून बैलांचे श्रम वाचतात. ओढकामाच्या जनावरांसंबंधी १९६५ साली केलेल्या केंद्रीय नियमांत हवेच्या टायरांच्या दुचाकी गाडीस, तसे टायर नसलेल्या गाडीच्या दीडपट भार मान्य केलेला आहे. परंतु हा लाभ टायर सुस्थितीत असतानाच मिळतो.

गाडीची दोन्ही चाके आपापली स्वतंत्र फिरतात. त्यामुळे डाव्या व उजव्या टायरच्या व्यासात थोडा फरक असला तरी केवळ त्याने गाडी एका बाजूस वळत नाही. ती लहान चाकाकडे किंचित कलते एवढेच. खरा त्रास होतो तो हवा कमी-अधिक असल्याने. ज्या टायरमध्ये हवा कमी तो अधिक दबतो आणि जड चालतो. तेवढ्या बाजूने गाडी मागे ओढली जाते, दांडी त्या बाजूस वळू पाहते, आणि जू बैलांच्या मानेवर तिरके बसते. मैलोगणती असे चालल्यास मानेची कातडी सोलवटते व खांदेसूज येते. खांदा आलेल्या बैलावर औषधोपचार करणे आवश्यक आहेच, परंतु त्याबरोबर गाडीच्या टायरमधील हवाही तपासावी. कारण मूळ कारण तेथे असल्यास बरा झालेला खांदा पुन्हा सुजतो.

टायरगाड्यांना पुष्कळदा मोटारींचे जुने टायर बसवितात. हे टायर पूर्वीच वाढलेले व निरनिराळ्या प्रमाणात झिजलेले असतात. जुने टायर घेताना आकडा, थरांची संख्या, नक्षी आणि घेर या चारही बाबतींत जुळणारी जोडी निवडावी.

ट्रॅक्टर

ट्रॅक्टरच्या टायरवर ‘१३.६-२८’ असा आकडा असल्यास पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत व दुसरा रिमचा व्यास इंचांत दाखवितो. अशा नव्या टायरचा बाहेरील व्यास सुमारे १३१० मिलिमीटर, म्हणजे घेर सुमारे ४ मीटर ११ सेंटीमीटर असतो.

समजा, एका मागील चाकाचा चालता घेर ४ मीटर आहे आणि दुसऱ्याचा, नवा टायर घातल्यामुळे, ४ सेंटीमीटरने अधिक आहे. सरळ रस्त्यावर एका किलोमीटरमध्ये मोठे चाक लहान चाकाइतक्याच फेऱ्या फिरल्यास ते दहा मीटर पुढे जाईल. तसे होऊ शकत नाही, म्हणून फेऱ्यांतील हा फरक डिफरन्शियलच्या दंतचक्रांना सतत भरून काढावा लागतो. ती दंतचक्रे वळणावरील अल्प कामासाठी असतात, दिवसभर फिरण्यासाठी नसतात. यास्तव मागील टायर जोडीनेच बदलावेत.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये अधिक काळजी घ्यावी लागते. अशा ट्रॅक्टरची पुढील चाके मागील चाकांपेक्षा किंचित जलद ओढतील, अशा हिशेबाने दंतचक्रांचे प्रमाण ठरविलेले असते. पुढे नवे व मागे झिजलेले, किंवा वेगळ्या मापाचे टायर घातल्यास हा हिशेब बिघडतो. टायर घसटतात, इंधन वाया जाते आणि यंत्रावर ताण येतो. टणक रस्त्यावर पुढील चाकांची शक्ती बंद ठेवावी, असे सांगण्याचे कारण हेच.

फवारणीतही टायरच्या मापास महत्त्व आहे. पंप इंजिनच्या वेगाने चालतो, परंतु ट्रॅक्टरची चाल चाकाच्या घेरावर अवलंबून असते. टायर झिजून घेर तीन टक्क्यांनी कमी झाल्यास तोच गिअर व तोच इंजिनवेग ठेवूनही ट्रॅक्टर तीन टक्के सावकाश चालतो. मग हेक्टरी ५०० लिटरच्या जागी सुमारे ५१५ लिटर द्राव पडतो. जुन्नर तालुक्यातील नारायणगावसारख्या द्राक्षबागांच्या भागात, जेथे फवारण्या पुनःपुन्हा होतात, तेथे औषधाचा हा वाढीव खर्च हंगामभरात दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. टायर बदलल्यावर व दरवर्षी हंगामापूर्वी चाल पुन्हा मोजून मात्रा ठरवावी.

मागील टायरमध्ये वजनासाठी पाणी भरले असल्यास ते तीन चतुर्थांशापेक्षा, म्हणजे वॉल्व्ह सर्वांत वर असताना त्याच्या पातळीपेक्षा, अधिक भरू नये. पाणी दाबले जात नाही, दबते ती हवा. हवेला जागा कमी राहिल्यास लहानशा धक्क्यानेही दाब एकदम चढतो.

शेतावर करावयाची मोजणी

पुढील मोजणीस फिता व चुना यांखेरीज काही लागत नाही.

घेर मोजणे : चाक जॅकवर उचलावे. न ताणणारा फिता टायरच्या मध्यावरून फिरवून घेर मोजावा. त्यास ३.१४१६ ने भागल्यास व्यास मिळतो. दोन्ही बाजूंचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत.

चालता घेर मोजणे : टणक व सपाट जमिनीवर योग्य दाबाने हवा भरून टायरवर व जमिनीवर चुन्याची खूण करावी. ट्रॅक्टर सावकाश चालवून चाकाच्या दहा फेऱ्या पूर्ण होताच दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतरास दहाने भागावे. हे अंतर ३९.२ मीटर भरल्यास चालता घेर ३.९२ मीटर होय.

घसरण मोजणे : हीच मोजणी शेतात नांगर लावून करावी. दहा फेऱ्यांत अंतर ३४.१ मीटर भरल्यास ५.१ मीटर, म्हणजे १३ टक्के, घसरणीत गेले. शेतकामात ही घसरण साधारणतः ८ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असावी. ती याहून अधिक असल्यास टायरची झीज, हवेचा दाब व ट्रॅक्टरवरील वजन तपासावे. ती फार कमी असल्यास वजन अनावश्यक वाढविलेले असण्याचा संभव असतो.

वाहने व त्यांचे भाग यांच्या शास्त्रीय तपासणीसाठी पुण्यात १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि १९६७ साली भोसरीजवळ केंद्रीय मार्ग परिवहन संस्था या संस्था स्थापन झाल्या. तेथील मोजणी अर्थातच सूक्ष्म असते. परंतु आपल्या ट्रॅक्टरची दोन चाके सारखी आहेत की नाहीत, हे ठरविण्यास शेतकऱ्याचा फिता पुरेसा आहे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. नवा टायर बसविल्यावर चोवीस तासांनी हवा तपासून कमी असल्यास भरावी. नंतर दर आठवड्यास तपासावी.

२. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमधील हवा सोडू नये.

३. एका आसावरील टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे व सारख्या झिजेचे असावेत. तिरप्या धाग्यांचा टायर व रेडियल टायर एका आसावर घालू नयेत.

४. नव्या टायरमध्ये नवी ट्यूब घालावी आणि रिम टायरच्या मापास योग्य असावी.

५. टायर व मडगार्ड यांमध्ये वाढीसाठी पुरेशी मोकळी जागा आहे, हे पाहावे.

६. मोटार वाहनांच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिल्यास कायद्यानेही तो टायर वापरता येत नाही. दुचाकी व तीनचाकी वाहनांस ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. तथापि ओल्या रस्त्यावर भार वाहणाऱ्याने या मर्यादेची वाट पाहू नये.

७. बैलगाडीच्या दोन्ही टायरमधील हवा सारखी ठेवावी आणि जू तिरके बसू लागल्यास प्रथम टायर पाहावा.

ढिली झालेली धाव खडखडाट करून आपली अवस्था सांगत असे. रबरी टायर तसा आवाज करीत नाही, म्हणून त्याचे माप मालकालाच घ्यावे लागते. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी दहा मिनिटे या कामी दिल्यास टायर अधिक काळ टिकतील, इंधन व औषध यांची बचत होईल, आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांचे व ती हाकणाऱ्या माणसांचे रक्षण होईल.